आमच्या घरातले चार राजपुत्र

तुमच्या घरात वाद कशावरून होतात? पुरणपोळी गुळाची की साखरेची, टीव्हीवर बातम्या की मालिका, पंखा दोनवर की तीनवर? आमच्याकडे गेल्या दिवाळीत एका व्हिडिओ गेमवरून वाद झाला. आणि त्यात सगळ्यात पुढे होते माझे एकसष्ट वर्षांचे बाबा!

आधी थोडी ओळख करून देते. आम्ही द्वारकेत राहतो. कृष्णाच्या नाही, दिल्लीच्या. विमानतळ इतका जवळ की डोक्यावरून विमान गेलं की आम्ही फोनवर बोलता बोलता आपोआप थांबतो. बाबा मूळचे साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे १९८८मध्ये दिल्लीत आले. आधी सरकारी क्वार्टर, मग मेट्रो द्वारकेपर्यंत पोहोचल्यावर सोसायटीतला हा फ्लॅट. आई, बाबा, दादा आणि मी.

आणि पाचवा एक राजपुत्र. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधला.

तुम्ही कधी गेम खेळला नसाल, तरी हा राजपुत्र कुठेतरी पाहिला असेल. पांढरे कपडे, अनवाणी पाय, धावत येऊन खड्ड्यावरून उडी मारणारा. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८९मध्ये हा गेम बनवला. त्यासाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धापा टाकत पळतो. संगीत त्यांच्या वडिलांचं. म्हणजे दोन भाऊ आणि वडील, असा घरगुतीच मामला. पुढे तीसेक वर्षं या गेमचे नवेनवे भाग येत राहिले, आणि चाहत्यांचं भांडण कायम एकच: सगळ्यात चांगला भाग कोणता?

आमच्या घरात या प्रश्नाची चार उत्तरं आहेत.

बाबांचं उत्तर पहिला भाग. नव्वदच्या दशकात त्यांच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि कुणीतरी फ्लॉपीतून हा गेम आणला. सहा वाजून गेले की दोन-तीन कारकून पाळीपाळीने खेळायचे. नियम साधा. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. मेलात तर ती लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ थांबत नाही. गेलेली मिनिटं गेली. जमिनीतून भाले वर येतात. पळत गेलात तर संपलात. शिफ्टची कळ दाबून एकेक पाऊल टाकलंत तर भाल्यांमधूनही पलीकडे जाता येतं. बाबांनी सगळं आयुष्य ही शिफ्टची कळ दाबूनच काढलंय, असं आई म्हणते. नोकरी, कर्ज, पीएफ, आमची शिक्षणं. एकेक पाऊल.

माझं उत्तर २००३चा 'द सँड्स ऑफ टाइम'. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबांनी नेहरू प्लेसहून सीडी आणली तेव्हा मी आठ वर्षांची होते. हॉलमध्ये कॉम्प्युटर, खुर्चीवर दादा आणि शेजारच्या स्टुलावर मी. खेळायचं त्याने, "मागे बघ!" असं ओरडायचं मी. या भागाची गोष्ट चक्क भारतात सुरू होते. राजपुत्र आपल्या वडिलांच्या सैन्याबरोबर एका महाराजाच्या महालावर हल्ला करतो. वडिलांसमोर मान मिळावा म्हणून तिथला एक जादूचा खंजीर पळवतो आणि कपटी वजिराचं ऐकून नको ती वाळू मोकळी करतो. माणसांचे राक्षस होतात. सगळी चूक त्याची स्वतःची. पण त्या खंजिरात एक शक्ती असते, काळ मागे नेण्याची. उडी चुकली, दरीत पडलात, तरी एक कळ दाबायची आणि राजपुत्र उलटा वर येऊन पुन्हा काठावर उभा राहतो. मागे जाता येतं ते फार तर दहा सेकंद.

ते दहा सेकंद मला का आवडतात, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगते.

२०१६चा जून महिना होता. दादा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या बॅगेत चार्जर शोधताना मला त्याच्या मार्कशीट दिसल्या. तीन सेमिस्टरचे विषय राहिले होते. घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले. पूर्ण आठवडा राहिले. मग एका रात्री जेवताना कॉम्प्युटर कुणी वापरायचा यावरून आमचं वाजलं. तो मला म्हणाला, "तू आधी दहावीचा अभ्यास कर." आणि मी फाडकन म्हणाले, "तू आधी तुझे राहिलेले विषय काढ!"

आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. बाबा आधी काहीच बोलले नाहीत. मग खूप बोलले. कुठल्याही घरात बोललं जातं तेच. आम्ही काय काय केलं तुझ्यासाठी, लोक काय म्हणतील, तुझ्यावर विश्वास ठेवला ही चूक झाली. आठवड्याभरात दादा पुण्याला काकांकडे गेला. कॉलेज सुटलं ते सुटलंच. वर्षभराने त्याला एका कंपनीत गेम तपासायचं काम मिळालं, म्हणजे टेस्टिंगचं. दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या.

तेव्हापासून बाबांचं आणि त्याचं बोलणं म्हणजे "गाडी किती वाजता आहे?" आणि "पोहोचलास का?" बस्स. लग्नकार्याला तो यायचा, दोन दिवस राहून जायचा. आई रोज फोन करायची, बाबा शेजारी बसून पेपर वाचायचे. पेपरचं पान मात्र उलटायचे नाहीत.

मधे २०२०मध्ये एक गंमत झाली. माझा लाडका 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनणार अशी घोषणा झाली, आणि काम कुणाकडे? युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. दादा त्या कामात नव्हता, पण त्याने मला रात्री फोन करून सांगितलं, जणू घरात बारसं आहे! पुढे ट्रेलरवर टीका झाली, तारीख लांबत गेली, आणि मे २०२२मध्ये ते काम कॅनडात मॉन्ट्रियलला गेलं, जिथे २००३मध्ये मूळ भाग बनला होता. त्या दिवशी दादा फोनवर एवढंच म्हणाला, "जमलं नाही की लोक फक्त शेवट बघतात गं." त्याच्या मनात नेमकं काय होतं, हे मला नीट कळलं.

गेल्या दिवाळीत मात्र दादा चार दिवसांसाठी आला. काकूने दिलेली भाजणी घेऊन आला, कारण द्वारकेत तशी मिळत नाही. दिल्लीच्या दिवाळीची हवा तुम्हाला माहीतच आहे. आईने खिडक्या बंद केल्या, बाहेर फिरणं बंद. चार माणसं, तीन खोल्या आणि चकलीचा डबा.

भाऊबीजेच्या सकाळी वरच्या मजल्यावरचा बारा वर्षांचा मुलगा फराळाचं ताट परत द्यायला आला. दादा गेमच्या कंपनीत काम करतो हे कळल्यावर तो सोफ्यावर बसलाच. त्याचा आवडता भाग २०२४चा 'द लॉस्ट क्राउन'. त्यात नायक राजपुत्र नाहीच. सरगॉन नावाचा योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला निघतो. मुलाने दादाला विचारलं, "भैया, बेस्ट कौनसा है?"

दादा म्हणाला, "वॉरियर विदिन."

मी लगेच सरसावले. २००४चा हा भाग मला कधीच आवडला नाही. काळोख, रक्त, कर्कश गिटार. खुद्द मेकनरलाही त्यातली हिंसा पटली नव्हती. लहानपणी दादा तो खेळायला लागला की बाबा प्लग काढायचे.

"गोष्ट बघ ना," दादा म्हणाला. "आधीच्या भागात याने काळ मागे नेला आणि सुटला. पण असं सुटता येतं का? दहाका नावाचा काळा राक्षस त्याच्या मागे लागतो. लढून उपयोग नाही, नुसतं पळायचं. फक्त पाण्याचा पडदा ओलांडला की तो येऊ शकत नाही. तेवढाच श्वास घ्यायला वेळ. मला तरी हेच खरं वाटतं. चूक केली की ती मागे लागते."

हे तो मराठीत बोलला. मुलाला काही कळलं नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला तो हात देणारीचा आवडतो." लॉकडाउनमध्ये मी लॅपटॉपवर २००८चा भाग खेळायचे आणि आई शेजारी भाजी निवडत बसायची. त्यात एलिका नावाची सोबतीण आहे. राजपुत्र कुठूनही पडला तरी ती दर वेळी हात धरून त्याला वर ओढते. तो मरतच नाही. चाहत्यांची या भागावर हीच तक्रार असते, फार सोपा आहे म्हणून.

"सोपा आहे तर काय झालं?" आई म्हणाली. "मेलंच पाहिजे असं आहे का?"

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्हा लोकांना पहिला भाग कळलेलाच नाही. सावली आठवते का?"

दादाने लॅपटॉप उघडून पहिला भाग सुरू केला आणि काही कळा दाबून थेट बाराव्या लेव्हलवर नेला. "ही चीटिंग आहे," बाबा म्हणाले. "तपासायला असंच करावं लागतं बाबा," दादा म्हणाला. बाबांनी चष्मा लावला. बोटं आखडलेली. तीन वेळा पडले, चौथ्यांदा वर पोहोचले.

सावलीची गोष्ट अशी. वाटेत राजपुत्र एका आरशातून उडी मारतो आणि आरशातून त्याचीच सावली निसटते. कॉम्प्युटरच्या मेमरीत नव्या पात्राला जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वापरून हा शत्रू बनवला. ही सावली तुमचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दार बंद करते. आणि शेवटी तलवार काढून समोर उभी राहते.

"मारो अंकल!" मुलगा ओरडला.

बाबांनी एक वार केला. रक्त राजपुत्राचंच कमी झालं. "बघितलंस? त्याला मारलं की आपल्यालाच लागतं," ते म्हणाले. "पंधरा दिवस आम्ही ऑफिसात डोकं फोडत होतो." मग त्यांनी खालच्या बाणाची कळ दाबली. राजपुत्राने तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले.

पुढे मोठा खड्डा होता. बाबा थांबले नाहीत, मोकळ्या हवेत धावत सुटले. पायाखाली एकेक फरशी येत गेली.

खोलीत कुणी काही बोललं नाही. बाबा पडद्याकडेच बघत म्हणाले, "तलवार आधी मोठ्याने ठेवायची असते. मला वेळ लागला." ते गेमबद्दल बोलत होते की नाही, हे कुणी विचारलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि दादाला विचारलं, "हे टेस्टिंग टेस्टिंग म्हणतोस, त्यात नक्की करतोस काय?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा. दादा जेवणाच्या वेळेपर्यंत सांगत होता. एखाद्या भिंतीवर पाचशे वेळा कसं आपटावं लागतं, कुठल्या कोपऱ्यात माणूस अडकतो, ती चूक कशी लिहून पाठवायची. बाबा मधेमधे प्रश्न विचारत होते, ऑफिसात फाइल वाचताना विचारायचे तसे.

दुपारी ओवाळताना मी दादाला हळूच म्हणाले, "त्या रात्री मी बोलायला नको होतं. मला कितीदा वाटलं, दहा सेकंद मागे जाता आलं असतं तर."

त्याने चकलीचा तुकडा मोडला. "दहा सेकंदांनी काय होणार होतं? तीन सेमिस्टर मी गप्प होतो. तुझा खंजीर तेवढा मागे जात नाही."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. नऊ वर्षं मी जो धोंडा वागवत होते, तो त्याने इतक्या सहज उचलून बाजूला ठेवला.

दादा पुण्याला परत गेलाय. परवा फोन आला तेव्हा बाबांनीच उचलला. 'लॉस्ट क्राउन' आपल्या लॅपटॉपवर चालेल का, असं विचारत होते. सर्वांत चांगला भाग कोणता, हा वाद मिटलेला नाही आणि मिटू नये अशीच माझी इच्छा आहे.

तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी बोलणं "पोहोचलास का?" यावर येऊन थांबलंय. त्याला मोठं काही विचारू नका. एवढंच विचारून बघा, "तुला त्यातलं काय आवडायचं रे?" गेम असो, सिनेमा असो, नाहीतर गावातल्या हॉटेलातली मिसळ असो. आणि उत्तर आलं की मधे बोलू नका. फक्त ऐका.