गाऱ्हाण्यांत काय मागावें ?

आमचा भाचा जन्मला तेव्हांच त्याचे ओठ जांभळें खाल्ल्यासारखे निळे होते. हृदयाच्या पडद्यास भोंक, आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. १९४४ सालीं बाल्टिमोर येथें अशा निळ्या बालकावर पहिली शस्त्रक्रिया झाली. तत्पूर्वीं अशीं मुलें बहुधा बालपणींच जात. भाच्याची छाती लहानपणीं दोनदां उघडली, आणि तो चाळिशीस पोंचला, हें त्या विद्येचेंच देणें होय.

परंतु डागडुजी केलेल्या होडीची फळी एक दिवस खिळाच धरीनाशी होते, तसें त्याच्या हृदयाचें झालें. आतां दुसऱ्याचें हृदय बसविणें एवढाच उपाय उरला. दैवाची थट्टा अशी कीं, ज्या शस्त्रानें तो वांचला त्याच्याच खुणा आतां आडव्या येतात. जुन्या व्रणांमुळें हृदय छातीच्या हाडास चिकटतें. तें सोडवितांना रक्त फार जातें. पूर्वीं दिलेल्या परक्या रक्तामुळें शरीर परक्या अवयवाविरुद्ध आधींच सज्ज असतें. जुळणारें हृदय त्यामुळें दुर्मिळ होतें.

काढलेलें हृदय सुमारें चार तासांत दुसऱ्या छातींत चालूं लागावें लागतें. मालवणाहून मुंबई पांचशे किलोमीटर. तेव्हां घरच्या ओटीवर बसून त्याची वाट पाहतां येत नाहीं. भाच्यानें परळास खोली घेतली आहे. त्याच परळांत, के. ई. एम. रुग्णालयांत, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें भारतांतलें पहिलें हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासांतच गेला. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, हें मानणारा कायदा १९९४ सालीं झाला. त्याच वर्षीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांस यश आलें.

मागल्या महिन्यांत बहीण रामेश्वरापुढें गाऱ्हाणें घालावयास गेली. आम्हीही बरोबर होतों. “काय मागणां ?” असें गुरवानें विचारतांच ती गप्प झाली. मुलास हृदय मिळो म्हणावें, तर कोणा मातेचा तरणाताठा मुलगा जावा असाच त्याचा अर्थ ! बऱ्याच वेळानें ती हळूच कांहीं बोलली, आणि गुरवानें तें देवाच्या कानीं घातलें : “ज्या घरार ता दुख येतलाच आसात, त्या घरच्यांका बुद्धी दी रे महाराजा !” “होय महाराजा,” आम्ही सर्व म्हणालों.

त्या रात्रीं आम्हीं घरच्या माणसांस जवळ बसवून आपल्या पश्चात् काय करावें तें सांगून ठेविलें. कारण ऐन वेळीं होकार घरच्यांनींच द्यावयाचा असतो. बहीण ऐकत होती. मुंबईचा फोन वाजला कीं ती अजून दचकते. कोणत्या बातमीस, तें तिचें तिलाही सांगतां येत नाहीं.