हजार ग्रॅमचा चाप

.22 लाँग रायफल या काडतुसाला स्वतंत्र टोपी नसते. पेटणारे रसायन त्याच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. बंदुकीची पिन ती कड नळीच्या मागच्या तोंडावर चिरडते आणि गोळी सुटते. अशी रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारी, बंदूक स्पर्धेसाठी जुळवून घेताना काय शक्य आहे हे बरेचसे या कडेवरूनच ठरते. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, म्हणून दारू-गोळीचे प्रमाण नेमबाजाच्या हाती नाही. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढत बसावे, तर पिन चेंबरच्या काठावर आदळून तिथे खाच पडू शकते. त्यामुळे सरावासाठी खोटे काडतूस किंवा बंदुकीतच केलेली ‘ड्राय फायर’ची सोय लागते. शिवाय कड चिरडायला जोरकस ठोका हवा असल्याने स्प्रिंग हव्या तितक्या हलक्या करून चालत नाही.

दुसरी मर्यादा नियमांची. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार 25 मीटरच्या पिस्तुलाचे वजन 1400 ग्रॅमच्या आत हवे, नळी 153 मिलिमीटरपेक्षा आणि दोन साइटमधले अंतर 220 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चाप किमान 1000 ग्रॅमचा हवा, आणि सगळे पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. ही चौकट पूर्वी एवढी आवळलेली नव्हती. 2004 पर्यंत रॅपिड फायर प्रकारात कमी ताकदीचे .22 शॉर्ट काडतूस चालत असे आणि चापावर किमान वजनाची अट नव्हती. पिस्तूल जवळजवळ उसळत नसे. 2005 पासून लाँग रायफल काडतूस आणि हजार ग्रॅमचा चाप सक्तीचा झाला आणि जुनी पिस्तुले एका फटक्यात कपाटात गेली. पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलाचे दुःख वेगळे. तिथे चाप कितीही हलका चालत असे, ग्रिप हाताला चारी बाजूंनी कवटाळत असे, पण 2016 च्या रिओनंतर तो प्रकारच ऑलिंपिकमधून गेला.

या चौकटीत कारागिरीला सर्वांत जास्त वाव ग्रिपला आहे. पार्डिनी किंवा वॉल्थर यांच्यासारख्या युरोपीय कंपन्यांची पिस्तुले अक्रोडाच्या ग्रिपसह लहान, मध्यम, मोठ्या मापांत येतात. मापे त्यांच्याकडच्या हातांची. पुण्यात बालेवाडीला किंवा मुंबईत वरळीला शिकायला येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाताला लहान ग्रिपही भरून उरते. तिची तर्जनी चापापर्यंत पोचते, पण पेराऐवजी टोकाने. टोकाने ओढलेला चाप सरळ मागे येत नाही, किंचित बाजूला खेचला जातो. म्हणून पहिले काम लाकूड कमी करण्याचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोबणीत ग्रिपची पाठ जिथे बसते, तिथले लाकूड गोल कानशीने थोडेथोडे काढले की हात पुढे सरकतो आणि चाप पेराखाली येतो.

मग भर घालण्याचे काम. जिथे तळवा आणि लाकूड यांत पोकळी राहते, तिथे वुड पुटी लावतात. आपल्याकडे सर्रास एम-सील वापरले जाते. ते मळून ग्रिपवर थापायचे, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचे आणि गोळी झाडताना धरतो तसे, तेवढ्याच जोराने धरून ठेवायचे. बोटांचे ठसे उमटलेला तो राखाडी लगदा सुकला की दिसायला अगदी ओबडधोबड दिसतो. नवख्याला तो घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो, आणि तिथेच काम बिघडते, कारण हवे होते ते ठसेच. तळहाताला खडूची पूड लावून पकड घेतली की जास्त दाब कुठे पडतो ते लाकडावरच्या पांढऱ्या डागांवरून कळते. तेवढीच जागा सँडपेपरने घासायची. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या चांगल्या ग्रिपांपैकी एकही देखणी नव्हती.

ग्रिप जमली की नाही याची कसोटी सोपी आहे. डोळे मिटून हात नेहमीप्रमाणे उचलायचा, श्वास सोडायचा आणि मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. ती एका बाजूला सरकलेली दिसली आणि मनगट वळवून मध्ये आणावी लागली, तर ग्रिप अजून चुकते आहे. हा काटेकोरपणा कशासाठी, ते हिशेबावरून कळते. दोन साइटमधले अंतर 220 मिलिमीटर धरले, तर फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकल्यावर 25 मीटरवर गोळी सुमारे 11 सेंटिमीटर चुकते. प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमबाजीच्या, लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचे असते. अचूक मध्यावर लागणारी गोळी तेवढ्याने सहाच्या वर्तुळात जाते. उलट, साइट एकमेकींशी जुळलेल्या असताना सगळा हात लक्ष्यावर सेंटिमीटरभर हलला, तर गोळीही सेंटिमीटरभरच हलते. नव्या नेमबाजाला नेमके उलटे वाटत असते. तो हात थरथरतो म्हणून घाबरतो आणि साइटकडे दुर्लक्ष करतो.

ग्रिपवरही बंधने आहेत. तिने मनगटाला आधार द्यायचा नाही आणि हाताला वेढायचे नाही. तळव्याखालचा टेका वरखाली सरकवता येतो, पण तो वर वळून पंजाला पकडणारा नको. पावसाळ्यात वरळीच्या खाऱ्या, दमट हवेत अक्रोडही फुगते आणि मे महिन्यात बेताने घासलेली ग्रिप जुलैत घट्ट वाटू लागते. जवसाचे तेल अधूनमधून चोळत राहिले की हा फरक कमी होतो. वार्निश मात्र नको, घामाने हात सटकतो.

चापाचे काम हे डोळ्यांनी न दिसणारे काम आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा बोटाने सहज मागे येतो, मग भिंतीला बोट टेकावे तसे काहीतरी लागते, आणि त्यापुढच्या थोड्याशा दाबाला गोळी सुटते. हजार ग्रॅम या दोन्ही टप्प्यांत मिळून भरायचे असतात. पहिल्या टप्प्यात बहुतेक वजन घेतले तर शेवटचा दाब इवलासा उरतो. प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांना पाच मिनिटे असतात, तिथे असा चाप गोड लागतो. पण स्पोर्ट पिस्तुलाच्या रॅपिड भागात लक्ष्य सात सेकंद लपते आणि तीन सेकंद दिसते. हात 45 अंशांवरून वर आणेपर्यंत बोट पहिला टप्पा संपवून थांबले पाहिजे. तिथे फार बारीक दुसरा टप्पा असला की वर येता येताच गोळी सुटते. त्यामुळे थोडा बोथट पण ठाम टप्पा बरा. हे सगळे कारखान्याने दिलेल्या स्क्रूंनी होते. आतले लोखंड घासणे हे परवानाधारक गनस्मिथचे काम. चाप पकडून ठेवणाऱ्या पृष्ठभागाचा कोन बिघडला तर नुसत्या धक्क्यानेही गोळी सुटू शकते.

रिव्हॉल्व्हरचे शास्त्र याहून निराळे. महाराष्ट्रात रिव्हॉल्व्हर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचे आखूड नळीचे .32 येते. स्पर्धेला ते निरुपयोगी. स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरची खरी घडण अमेरिकेत झाली, विशेषतः पोलिसांच्या स्पर्धांमधून. एकाच ओढीत चक्र फिरवणारा, घोडा उचलणारा आणि सोडणारा चाप मूळचा पाच-साडेपाच किलोचा असतो. तो हलका आणि गुळगुळीत करणे, घोड्याचे मागचे शेपूट कापून त्याचे वजन घटवणे, चक्राच्या भोकांच्या कडा तिरक्या घासून काडतुसे पटकन आत सरकतील असे करणे, आणि जाड, जड नळी बसवणे, हे तिथले ठरलेले बदल. काडतुसे एकत्र पकडणारी पातळ पोलादी चकती, म्हणजे मून क्लिप, ही मूळ पहिल्या महायुद्धातली युक्ती. अशाच रिव्हॉल्व्हरने जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने 1999 मध्ये सहा गोळ्या, मध्ये पुन्हा भरणे आणि आणखी सहा गोळ्या, हे सगळे 2.99 सेकंदांत केले.

चाप हलका करायचा म्हणजे घोड्याची मुख्य स्प्रिंग नरम करायची, आणि इथे पुन्हा काडतुसाची रचना आडवी येते. मध्यभागी टोपी असलेले काडतूस नरम ठोक्यानेही पेटू शकते, शिवाय मऊ टोपी निवडता येते. रिमफायरची कड मात्र चिरडावीच लागते. म्हणून .22 च्या रिव्हॉल्व्हरचा चाप मोठ्या कॅलिबरइतका हलका सहसा होत नाही. केला, तर ऐन फैरीत एखादे काडतूस नुसते टक् करून गप्प बसते.

रायफलीत बदलण्याजोग्या गोष्टी पुष्कळ, पण त्या बहुतेक मोजपट्टीच्या आहेत: दस्त्याची लांबी, गालाखालच्या पट्टीची उंची, डाव्या हाताचा थांबा, बटप्लेटचा कोन. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींना तीन वेगळ्या जुळण्या लागतात. नेमबाज त्या वहीत लिहून ठेवतो आणि दस्त्यावर खुणा करून ठेवतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 ला याच प्रकारात कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला. 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच.

रायफलीच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे, तेही 50 मीटरवर. तिथे नळी आणि काडतूस यांचे जुळणे निर्णायक ठरते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक लॉट वेगळा असतो, आणि एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्याच रायफलीतून विखुरतो. कारण कोणी छातीठोक सांगत नाही. नळी शिकंज्यात घट्ट बसवून लॉटमागून लॉट झाडून पाहायचा, हाच उपाय. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या काडतूस कंपन्यांकडे त्यासाठी चाचणीची सोय असते. ज्यांना तिथवर जाणे परवडत नाही, ते मित्रांकडून पाच-पाच गोळ्या मागून घेतात, कागदावरच्या भोकांचा घोळका मोजतात आणि जमलेला लॉट मिळेल तेवढा उचलतात. लॉट संपला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

भारतात या सगळ्यावर 1959 च्या शस्त्र कायद्याची नजर आहे. ग्रिप, साइट, वजने, दस्त्याची जुळणी यांत नेमबाज स्वतः हात घालू शकतो. नळी आखूड करणे हे मात्र त्या कायद्याच्या सहाव्या कलमात येते. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारे गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतूनच आजही बहुतेक नवे नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता गाठतात, आणि बहुतेकांची शस्त्रतपासणीशी पहिली गाठही अशाच स्पर्धांत पडते.

तपासणीच्या टेबलावर पंच आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करतो, मग नळी सरळ उभी धरायला सांगतो. खाली सपाट फळीवर हजार ग्रॅमचे वजन ठेवलेले असते. त्याची धार चापाच्या मध्यावर अडकवून पिस्तूल हळूहळू वर उचलायचे. वजन फळीपासून सुटले आणि चाप पडला नाही, तर पिस्तूल पास. जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. अनुभवी लोक चाप अगदी हजारावर ठेवत नाहीत, तीस-चाळीस ग्रॅम वर ठेवतात, कारण धूळ बसते, तेल वाळते, स्क्रू कणभर सैल होतो. फैरी संपल्यावरही पंच कोणाचेही पिस्तूल पुन्हा तपासायला मागू शकतो, आणि तेव्हा वजन उचलले गेले नाही, तर त्या प्रकारातले सगळे गुण बाद होतात.