दोरीला ज्याचा हात

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे शांत गाव. शेजारच्या गोव्यातील गजबज येथे नाही. माडांच्या सावलीतली कौलारू घरे, बंदरावरचा मासळीबाजार आणि समोर समुद्रात शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, हेच त्याचे वैभव. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आता प्रवाळ पाहण्यासाठी बुडी मारणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. धर्मग्रामातील काही तरुणांसमवेत आम्हीही दोन दिवस तेथे राहून आलो.

बुडी मारण्याचे धडे देणारे तरुण तेथल्याच मच्छीमारांची मुले. त्यांनी प्रथम खुणा शिकवल्या. अंगठा वर केला तर ‘उत्तम’ नव्हे, ‘मला वर न्या’ असा अर्थ. सर्व ठीक असल्यास अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ करावयाचे. पाण्याखाली शब्द संपतात. कानांवर दाब येतो आणि स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. प्रवाळाच्या आडोशाने चिमुकले मासे निर्धास्त फिरत होते. सृष्टीच्या स्तुतिस्तोत्रास शब्दांची गरज नसते, हे तेथे उमगले.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण पाहिली. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. चाळीसएक रापणकर वाळूत पाय रोवून ओढत होते. आम्हीही दोरीला हात लावला. तासाभराने जाळे आले. त्यात जेमतेम दोन टोपल्या बांगडे व तारल्या. वाटे घातले गेले, तेव्हा आमच्या तरुणांपुढेही मूठभर मासळी आली. आम्ही संकोचलो. वृद्ध रापणकर म्हणाले, “फादर, जेचो हात दोरयेक, तेका वाटो.” त्यांच्या संघात कोणी आजारी पडला, तरी त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचतो, असेही त्यांनी सांगितले.

वाचकहो, मत्तयच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिली आहे. मूळ ग्रीकमधील ‘सागेने’ हा शब्द नव्या करारात त्या एकाच ठिकाणी येतो. त्याचा अर्थ किनाऱ्यावर ओढून आणावयाचे मोठे जाळे, म्हणजे आपली रापणच. पेत्र व आंद्रेया टाकीत होते ते जाळे निराळे. ते एकट्याने फेकावयाचे, आपल्याकडील पागासारखे. पाग एकट्याला पेलतो, रापण एकट्याला कधीच ओढत नाही. सेमिनरीत हा शब्दभेद आम्ही शिकलो होतो. त्याचे वजन तळहातांना त्या पहाटे कळले.

त्या दोन टोपल्यांमागे मात्र मोठे दुःख आहे. पर्ससीन जाळी आणि प्रखर दिव्यांच्या नौका मासळीचे थवेच्या थवे खोल पाण्यातच उचलतात. मग किनाऱ्याशी येणार काय? राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीस मनाई केली. तरी पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बेसुमार मासेमारीचा आणि प्रवाळांच्या ऱ्हासाचा उल्लेख लागोपाठच्या परिच्छेदांत केला आहे. मालवणात ही दोन्ही दुःखे एकाच पाण्यात दिसतात.

रापणकरांची मुले आज पर्यटकांना प्रवाळ दाखवून घर चालवतात. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु दोरी ओढणारे हात विरळ झाले, तर नुसते जाळे जाणार नाही. आजाऱ्याच्या घरी वाटा नेणारी रीतही जाईल. आपल्या धर्मग्रामांत मिस्सेला येऊ न शकणारे आजारी आहेत, एकाकी विधवा आहेत. रविवारी त्यांच्या दारी पवित्र कम्युनियन पोहोचते. सोमवारी आपल्या ताटातला वाटाही पोहोचतो काय?