पत्र्याखालचा हिवाळा

आमचं शेतातलं घर २२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. खाली चार फुटांपर्यंत वीट, त्याच्यावर पत्रा आणि डोक्यावरही पत्राच. नळदुर्गपासून हमरस्ता सोडून आत वळलं की पुढे काळ्या मातीची पाणंद, आणि पाणंद संपते तिथं आम्ही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, हे त्याआधीच एसटीच्या कार्यशाळेतून. गावातलं सिमेंटचं घर धाकट्या दिराच्या हाती देऊन इथं राहायला आलो तेव्हा लोकांना वाटलं, भावाभावांत वाजलं. तसं काही नव्हतं. यांना शेत करायचं होतं, आणि शेतावर गेलेल्या माणसाची वाट बघत गावात बसायची माझी तयारी नव्हती.

पत्रा कशाला, असं बाहेरून आलेली माणसं विचारतात. उन्हाळ्यात भाजतो, थंडीत गारठतो, पावसात कानठळ्या बसवतो, हे सगळं खरं आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ज्यांनी या भागात काढली ते असं विचारत नाहीत. गणपती बोळवून गावं झोपली होती. भूकंपात किल्लारी-सास्तूरकडे माणसं दगावली ती माळवदांखाली. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा जाड थर. त्या थरानं घर उन्हाळ्यात गार राहायचं. गळायला लागलं की वर आणखी माती चढवायची, आणि वर्षागणिक ओझं वाढत जायचं. आमच्या गावात भिंतींना चिरा गेल्या, जीव कुणाचा गेला नाही. तरी त्या दिवसापासून सासूबाई माळवदाखाली झोपल्या नाहीत. अंगणात चार पत्र्यांचा आडोसा तात्पुरता म्हणून केला होता, त्यातच त्यांचा शेवट झाला. “पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, माळवद पडलं तर माणूस सापडत न्हाई,” असं त्या म्हणायच्या. शेतात घर बांधायचं ठरलं तेव्हा यांनी दुसरा कुठला विचारसुद्धा केला नाही.

एवढ्याशा जागेत दोन माणसांचा संसार बसवायचा म्हणजे शिस्त लागते, आणि ती शाळेत लागते त्याहून कडक. दिवाणाखाली धान्याच्या कोठ्या, कोठ्यांमागं खताची रिकामी पोती, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या. नवीन वस्तू आत आली की जुनी एक बाहेर गेलीच पाहिजे. याला अपवाद फक्त ओसरीतल्या सीटचा. मोडीत निघालेल्या बसचं ते तीन माणसांचं सीट यांनी कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणलंय. आल्यागेल्याला त्यावर बसवतात आणि स्वतः मात्र खिडकीकडची जागा सोडत नाहीत.

थंडीत पत्र्याची एक वेगळीच खोड असते. रात्रभर आपला श्वास आणि स्वयंपाकाची वाफ वर जाऊन बसते आणि पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो. बरोबर उशीवर थेंब पडतात. पहिल्या वर्षी आम्ही पत्रा गळतोय म्हणून वर चढून डांबर लावत होतो. मग कळलं की गळतोय तो आपल्याच श्वासानं. तेव्हापासून भाकरी बाहेरच्या चुलीवर, आणि रात्री दोन्हीकडच्या झडपा चार बोटं उघड्या. थंडी आत येते, पण अंथरूण कोरडं राहतं.

गावात असताना पाणी आणि वीज किती लागते हे मला कधी ठाऊक नव्हतं. इथं लिटरावर ठाऊक आहे. ५०० लिटरची टाकी लोखंडी घोड्यावर आहे. बोटानं वाजवून पाणी कुठपर्यंत आहे ते कळतं. बोअरवर ३ एचपीचा सौर पंप आहे. घराला दोन पॅनल, एक बॅटरी, चार दिवे आणि मोबाइलची चार्जिंग. ऊन असलं की राजाचा थाट. आणि शेजारचे आण्णा मात्र रात्रीच्या लाइटच्या पाळीला टॉर्च घेऊन दारं धरायला निघालेले असतात, त्यामुळे आपण फार शहाणे आहोत असंही वाटतं. आभाळ आलं की हा शहाणपणा उतरतो. हे कार्यशाळेतल्या सवयीनं बॅटरीचा व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ वहीत टिपतात. आकडा खाली आला की आधी रेडिओ बंद, मग एक दिवा, मग माझं वाचन. त्यांचा मोबाइल मात्र अत्यावश्यक सेवेत मोडतो.

२०२४चा हिवाळा असा आभाळाचा निघाला. नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही केली तेव्हा थंडी छान पडली होती. यांचंही काम त्याच फेरीत उरकलं, पण एसटीच्या माणसाची पेन्शन ईपीएस-९५ची. तिची किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपये आहे, एवढं सांगितलं की पुरे. घर माझ्या पेन्शनीवर चालतं आणि शेत देवाच्या मर्जीवर. तर, ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं. कुठं पुद्दुचेरी, कुठं आम्ही. पण बंगालच्या उपसागरात काही शिजलं की दोन-तीन दिवसांत आमच्याकडचं आभाळ भरतं, थंडी पळते आणि तुरीच्या शेंगेत अळी शिरते. हरभऱ्यावर घाटेअळी, ज्वारीवर चिकटा, द्राक्षवाल्यांकडे डावणी आणि भुरी. फवारणीवाल्या दुकानात गर्दी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, “आभाळ कवा फुटायचं?” जून-जुलैत हीच माणसं याच आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात.

त्याच दिवसांत मुलीचा इंग्लंडहून फोन आला. तिच्याकडे ६-७ डिसेंबरला ‘डॅरा’ नावाचं वादळ होऊन गेलं होतं. तिच्या घराजवळच्या कालव्यात एक निवृत्त जोडपं बोटीत राहतं, त्यांची तिनं आम्हाला व्हिडिओवर ओळख करून दिली. तिकडच्या त्या लांबोळक्या बोटी जुन्या कालव्यांच्या दारांतून जाव्यात म्हणून मुद्दाम अरुंद केलेल्या, सात फुटांहूनही कमी रुंद. पूर्वी त्यांतून कोळसा वाहायचे, आता म्हातारी माणसं राहतात. यांनी लगेच टेप काढून आमची भिंत मोजली. आम्ही तीन फुटांनी श्रीमंत निघालो. मग दोन्हीकडच्या पुरुषांची गाडी रुळावर आली. मुलगी भाषांतर करत होती. पाण्याची टाकी किती लिटरची, पॅनल किती वॉटचं, हिवाळ्यात बॅटरी किती उतरते. त्यांचाही पत्रा आतून घाम गाळतो हे ऐकून यांना कोण आनंद झाला! कायमची जागा घेतलेली नसेल तर दर १४ दिवसांनी बोट पुढे न्यावी लागते, असा तिकडचा नियम. हे म्हणाले, “म्हणजे ऊसतोडीची टोळीच की.” मी म्हटलं, खंडोबाही तेच करतो. अणदूरचा देव हिवाळ्यात नळदुर्गला मुक्कामाला येतो, पावणेदोन महिने राहतो. मुलीनं हे भाषांतर करायचं टाळलं.

टोळीचं नाव निघालं आणि आठवड्याभरात टोळी आलीच. बांधापलीकडच्या उसाला बीडकडचे सहा कोयते लागले. एक कोयता म्हणजे नवरा-बायको अशी जोडी, त्यांच्यासोबत पोरं, दोन म्हाताऱ्या आणि बैलं. आमच्या पडीक तुकड्यावर त्यांनी कोप्या घातल्या. बांबूच्या कमानी, वर पाचट आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद. पाणी आमच्या बोअरवरून न्यायचे. यांनी टाकीच्या वहीत त्यांच्या घागरींचा वेगळा रकाना केला होता. मी तो पाहिला आणि पान फाडून चुलीत घातलं.

२७ डिसेंबरच्या सुमाराला हवामान खात्यानं मराठवाड्यासह राज्याच्या बऱ्याच भागाला पावसाचा आणि गारपिटीचा इशारा दिला. दुपारी आण्णा बांधावरून ओरडले, “बाई, आभाळ लई वंगाळ दिसतंय. कडबा झाकून घ्या.” आम्ही गंजीवर ताडपत्री ओढली, तिला दगड बांधले, पत्र्यावर वाळूची पोती ठेवली. गाय ओसरीला बांधली. शेळ्यांना ओल सोसत नाही, उस्मानाबादी असल्या तरी. त्यांना घरात घेतलं. अंधार पडता पडता वारं सुटलं. पत्र्याच्या घरात वारं आधी आवाजानं कळतं. एका टोकाचा पत्रा कुठं तरी किंचित उचलतो, पडतो, उचलतो, आणि आपण प्रत्येक वेळी मनातल्या मनात तो धरून ठेवतो. हे पाना घेऊन दिवाणावर चढले आणि आतून बोल्ट आवळत फिरले. मग पाऊस आला, त्यात बारीक गारा. एकमेकांचं बोलणं ऐकू येईना म्हणून आम्ही हातवारे करत होतो.

कोप्यांचा कागद पहिल्याच झोतात गेला. बाया आणि पोरं ओसरीत आली, तिथंही झड यायला लागली तेव्हा आत आली. पुरुष बैलांपाशी गाडीखाली बसले. किती माणसं आत होती ते मोजलं नाही. दिवाणावर पोरं आडवी, खाली बाया भिंतीला टेकून, मध्ये शेळ्या. बॅटरी आदल्या दोन दिवसांच्या आभाळानं उतरलेली, एकच दिवा मिणमिणत होता. गॅसवर मी पातेलंभर चहा केला. गुळाचा, कारण साखर संपली होती आणि पाणंदीतून मोटारसायकल जाणं शक्य नव्हतं. काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की गाडी ढकलायलाही येत नाही.

त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याच वयाची असावी, दिसायला मोठी. तिनं चहा फुंकत विचारलं, “बाई, पेन्शन हाय म्हंता, गावात शिमिटाचं घर हाय म्हंता, मंग हितं पत्र्यात कामून ऱ्हाता?”

मला चटकन सुचलं नाही. म्हटलं, “इथं मोकळं वाटतं.”

तिनं आजूबाजूला पाहिलं. पाय पसरायला जागा नव्हती, आणि एक शेळी तिच्या पदराचं टोक चघळत होती. ती इतकी हसली की झोपलेलं एक पोर उठलं. मीही हसले. पोराला गप्प करायला म्हणून मी मोबाइलवर मुलीनं पाठवलेला बोटीचा फोटो दाखवला. म्हातारा-म्हातारी, धुराडं, वर रचलेली लाकडं. दर १४ दिवसांनी हलतात, हेही सांगितलं. म्हातारीनं फोटो लांब धरून नीट बघितला आणि विचारलं, “ह्येंचा मुकादम कोण?”

मुकादम नसतो, ते आपल्या हौसेनं राहतात, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नसावं. नंतर तिच्या सुनेनं हिशेब मांडला. फडात चिखल झाला की गाडी जात नाही, गाडी गेली नाही की तोड बंद. मजुरी टनावर. उचल मात्र आधीच घेतलेली, ती पावसात थांबत नाही. चार दिवस ऊस तुटला नाही तर ते चार दिवस पुढे कुठं तरी भरून काढायचे. मी आयुष्यभर पावसाची सुट्टी जाहीर झाली की पोरांबरोबर खूश होणारी बाई. त्या हिशेबापुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून आणखी चहा टाकला.

सकाळी पाहिलं तर टाकी जागेवर होती, ताडपत्री अर्धी उडून गंजीचा एक कोपरा भिजला होता. भिजलेला कडबा काळा पडतो, मग जनावर तोंड लावत नाही. पोटरीतून नुकती बाहेर पडलेली ज्वारी ओढ्याकडच्या बाजूला आडवी झाली होती. मालदांडी उंच वाढते, जमीन ओली आणि वरून वारं म्हटल्यावर ती उभी राहणार कशी! आण्णा म्हणाले, कणीस हलकं आहे अजून, थोडी उठेल. थोडी उठलीही. टोळीतल्या बायांनी दिवसभर प्लॅस्टिक वाळवलं आणि मी नको म्हणत असताना गंजीचा ओला कडबा उपसून बांधावर उभा करून दिला.

३० तारखेला येळवस होती. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिवकडे जेवढी होते तेवढी दुसरीकडे नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ताटांची कोप करून त्यात पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, रानात आंबील शिंपडायची. त्या वर्षी कोपीला वाकवायला ताटं आयतीच पडलेली होती. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदगीभर आंबील. गावातून दीर-जाऊ आली, तीही चिखलातून चालत, चपला हातात घेऊन. टोळीला जेवायला बोलावलं होतं. ती म्हातारी आली नाही, तिला ताप भरला होता. उंडे आणि भज्जी मी कोपीत नेऊन दिली. आठवड्यानं फड संपला आणि ते अक्कलकोटच्या दिशेनं गेले.

जेवताना विषय पाणंदीचाच निघाला. मातोश्री पाणंद रस्ते योजनेत नाव घालायचं तर अर्ज पाहिजे, आणि अर्ज लिहायला बाई आहेतच. दुसऱ्या दिवसापासून ओसरीतल्या सीटवर माणसं येऊन बसायला लागली. कुणाचा पाणंदीचा अर्ज, कुणाचा पीकनुकसानीच्या पंचनाम्याचा, एकाचा तर सुनेच्या बदलीचा. हे खिडकीकडच्या जागेवरून सूचना करतात, ‘महोदय’ दोनदा लिहा म्हणतात. आण्णांच्या अर्जात मी ज्वारीचं क्षेत्र २ एकर लिहिलं, ते म्हणाले अडीच लिहा. सातबारा आणा, मग बघते, असं सांगून त्यांना परत पाठवलं आहे.