बरोबरच्या दोन खुणा

माझा धाकटा भाऊ जागांचा एजंट आहे. हे वाक्य सहज लिहिलं खरं, पण स्टाफरूममध्ये ते मोठ्यानं म्हणायला मला काही वर्षं लागली. कुणी विचारलंच तर ‘त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे’ एवढं सांगून मी विषय बदलत असे. आमचे बाबा शहापूरला प्राथमिक शिक्षक. त्यांच्या तोंडी या कामाला एकच शब्द होता, दलाल. तो शब्द ते ज्या सुरात उच्चारत, तो सूर माझ्याही कानात बसला होता.

भाऊ आधी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत होता. तिथलं काम कमी झालं तसं त्यानं नोकरी सोडली आणि ओळखीच्या एकाबरोबर प्लॉट दाखवत फिरू लागला. बाबा तोवर गेले होते. नाहीतर घरात काय झालं असतं याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे घरोघरी स्मार्टफोन आले आणि भावाला वाटलं, आता पायपीट संपली. त्यानं फेसबुकवर पान उघडलं आणि मिळेल त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरला. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा ग्रुप, दहावीच्या वर्गाचा ग्रुप, भिशीचा, नातेवाइकांचा, एकही सोडला नाही. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ, सव्वासहाला ‘तीस बाय चाळीस, पूर्वाभिमुख, त्वरा करा’. संकष्टीला गणपती, त्याच्या खाली प्लॉट. कुणाच्या निधनाची बातमी ग्रुपवर आली, तर पाच मिनिटांत हात जोडलेलं चित्र आणि तासाभरात पुन्हा प्लॉट. आमच्या चुलतभावजयीनं त्याला एक दिवस घरच्या ग्रुपमधून काढून टाकलं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं फोन पुढे करून विचारलं, “मॅडम, हे तुमचे बंधू का हो?” मी मान हलवली. त्याच रात्री सख्ख्या भावाच्या मेसेजचा आवाज माझ्या फोनवर बंद केला.

एका रविवारी आईकडे जेवायला जमलो होतो. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

“अक्का, खरं सांग. लोक माझे मेसेज बघतच नाहीत की काय?”

मी गप्प राहिले.

“तू तरी बघतीस काय?”

खोटं बोलवेना. “नाही बघत,” म्हटलं. “सगळ्या वर्गाला उद्देशून बोललेलं कुणालाच लागत नाही बघ. ज्याला सांगायचं त्याचं नाव घेऊन, त्याच्या उपयोगाचं सांगावं लागतं. तू सगळ्यांना सगळंच सांगतोस.”

त्याला राग आला नाही. उलट व्हॉट्सअ‍ॅपचीच एक गोष्ट त्यानं मला समजावून दिली. ग्रुप न करता एकच मेसेज एकदम २५६ जणांपर्यंत पाठवायची सोय असते, तिला ब्रॉडकास्ट यादी म्हणतात. पण हा मेसेज ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे, त्यालाच पोचतो. न पोचलेल्या मेसेजपुढे एकच खूण राहते, पोचलेल्यापुढे दोन. आम्ही शिक्षक उत्तराला बरोबर म्हणून जी खूण करतो, अगदी तशी.

“माझ्या यादीत दोनशेवर नावं आहेत, अक्का. दोन खुणा उमटतात चाळीसेक जणांपुढे. बाकीच्यांच्या फोनमध्ये मी नाहीच.”

हे तो हसत बोलला, पण मला ते लागलं.

त्यानंतर शुभ सकाळ बंद झाली. मग त्यानं जे सुरू केलं ते मात्र मी सुचवलेलं नव्हतं. आपल्या भागात जमिनीचे कागद कन्नडमध्ये असतात. उतारा, खाता, जागेवर कर्ज वा आधीचे नोंदलेले व्यवहार आहेत का ते दाखवणारी ई.सी., सगळंच. शहापूर-वडगावातल्या मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच जमिनीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. मग कुणाच्या तरी मागे कागद घेऊन फिरायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं. भावाला फाउंड्रीतल्या सोबत्यांमुळे कन्नड लिहिता-वाचता येतं. दर मंगळवारी तो एका कागदाची माहिती दोन-तीन मिनिटं साध्या मराठीत बोलून पाठवू लागला. या रकान्यात नाव बघा, या रकान्यात क्षेत्र बघा, जमीन बिनशेती झाल्याचा आदेश असेल तर त्यावरची तारीख बघा. शेवटी एवढंच, ‘मी वकील नाही. व्यवहार करायचा तर कागद वकिलाला दाखवूनच करा.’

हळूहळू लोक आपल्या कागदांचे फोटो त्याला पाठवू लागले. तो वाचून दाखवी. त्याचे पैसे घेत नसे आणि एकाचा कागद दुसऱ्याला दाखवत नसे. पुण्यात नोकरीला गेलेली मुलं, ‘आमच्या बंद घराचं कौल फुटलंय का, जरा बघून या हो’ म्हणून विनंती करीत. हा जाता जाता बघून व्हिडिओ पाठवी. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, तेव्हा त्यानं एजंट म्हणून नोंदणी केली. ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते त्याच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो आणि फोनवरची जाहिरातही जाहिरातच, हेही त्यानं एका मंगळवारी सगळ्यांना सांगितलं.

तरी माझ्या मनातली शंका जाईना. एकदा मी त्याला विचारलंच, “हे तू माणसं जोडतोयस की गिऱ्हाइकं?” तो म्हणाला, “अक्का, आधी काय जोडलं ते मलाही सांगता येणार नाही. खरं पोट त्यावरच आहे, ते कशाला लपवू?” त्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही.

यात माझाही हात होताच. मराठीची प्राध्यापिका बहीण घरात असताना जाहिरातीचा मजकूर दुसऱ्या कोणी का लिहावा? २०१९ च्या फेब्रुवारीत त्यानं शहराबाहेरच्या एका जागेचा व्हिडिओ काढला. गवत वाळलेलं, मागे आंब्याची दोन झाडं, वर निळं आभाळ. मी मजकूर लिहून दिला, ‘निसर्गाच्या कुशीत, मोकळ्या हवेत, आपल्या हक्काचं घरकुल.’ पुढे लिहिलं, ‘पाण्याची ददात नाही.’ जागा मी पाहिलेली नव्हती. पण शब्द छान जुळले, म्हणून खूश होते.

तो व्हिडिओ बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी पाहिला. त्यांना आम्ही लहानपणापासून गुरुजी म्हणतो. नातवानं त्यांना व्हॉट्सअ‍ॅप शिकवलं होतं आणि भावाचे मंगळवारचे मेसेज ते न चुकता ऐकत. निवृत्तीचे पैसे बँकेत होते. धाकट्या मुलासाठी जागा घ्यायची होती. ते भावाला म्हणाले, “तुझ्या बाबांचा मुलगा म्हणून तुझ्यावर विश्वास.” कागद वकिलानं तपासले, सगळे चोख निघाले. गुरुजींनी जागेच्या मालकाला ५०,००० रुपये इसार दिला. खरेदी गणपतीच्या आधी करायची ठरली.

त्या वर्षीचा ऑगस्ट आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? पाऊस थांबायचं नाव घेईना. नद्यांना पूर आले, गावं पाण्यात गेली. बळ्ळारी नाल्याच्या शिवारात पाणी भरतं हे शहापूर-वडगावच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. ही जागा तिथून बरीच लांब होती, त्यामुळे कुणाच्या मनात काही आलं नव्हतं. पण पाऊस जरा ओसरल्यावर भाऊ एकटाच मोटारसायकल काढून तिकडे गेला. संध्याकाळी चिंब भिजून माझ्या दारात उभा राहिला. काही न बोलता त्यानं फोन माझ्या हातात दिला.

आंब्याची तीच दोन झाडं. बुंधे पाण्यात. प्लॉटच्या हद्दीचे दगड दिसत नव्हते. भाऊ पँट वर करून पाण्यात उभा होता आणि पाणी गुडघ्याला लागत होतं. शेजारच्या शेतकऱ्याचा आवाज ऐकू येत होता, “मोठा पाऊस झाला की हे असंच असतंय बघा.” जमीन सखल होती आणि पलीकडच्या ओढ्याचं पाणी तिथं मागे फिरत होतं. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, हा रकाना कुठल्याच उताऱ्यावर नसतो.

मला आठवलं, पाण्याची ददात नाही.

“गुरुजींना आत्ताच फोन केला,” तो म्हणाला. “पण हा व्हिडिओ मी सगळ्यांना पाठवला होता. अजून चौघं विचारत आहेत. सगळ्यांनाच सांगायला पाहिजे. तू लिहून दे.”

मी लिहायला बसले. ‘काही तांत्रिक कारणास्तव सदर जागेची विक्री तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ त्यानं वाचलं आणि कागद परत दिला.

“अक्का, यात पाणी कुठं आहे? आणि मी कुठं आहे?”

मग माझ्यासमोर बसून त्यानं अंगठ्यानं चार ओळी टाइप केल्या. ‘ही जागा मी फेब्रुवारीत दाखवली होती. आज ती अशी आहे. मी ती पावसाळ्यात बघितली नव्हती, न बघताच चांगली म्हणून सांगितलं. चूक माझी आहे.’ त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. त्या दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही. आयुष्यभर मुलांना निबंध शिकवणारी मी, खरं झाकणारं वाक्य दोन मिनिटांत लिहून मोकळी झाले होते आणि जेमतेम दहावी झालेल्या भावानं ते ओळखलं होतं.

मेसेज गेला. अर्ध्या तासात मालकाचा फोन आला. त्याच्या आणखी तीन जागा भावाकडे होत्या, त्या गेल्या. ‘आमच्या जागेची बदनामी केलीस’ म्हणून तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. भावजय दोन दिवस बोलत नव्हती. तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, दोन मुलांच्या फिया तीच भरत होती. व्यवहार मोडला म्हणून मालक इसार परत द्यायला तयार नव्हता. मध्यस्थ घालून ३०,००० सुटले. उरलेले २०,००० भावानं दोन हप्त्यांत स्वतःच्या खिशातून गुरुजींना दिले.

गुरुजींनी पैसे घेतले. रागावले नाहीत, पण नंतर फोनही केला नाही. गणपतीत दरवर्षी आमच्याकडे आरतीला येत, त्या वर्षी आले नाहीत. भावाला सगळ्यात जास्त ते लागलं. तीन जागा गेल्याचं तो कधी बोलला नाही. ‘गुरुजी आले नाहीत’ हे मात्र दिवाळीपर्यंत म्हणत होता.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी तो घरी आला. आल्या आल्या फोन काढून म्हणाला, “बघ.” त्या दिवशीचा मेसेज होता, ‘जागा घ्यायची तर एकदा पावसाळ्यात बघा, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा.’ गुरुजींच्या नावापुढे दोन खुणा होत्या.

“नंबर पुसलेला नाही अक्का त्यांनी.”

एवढंच. गुरुजींचा फोन नाही, निरोप नाही. पण गुरुजींनी आपल्याला अजून फोनमध्ये ठेवलंय, यावर माझा चाळिशीतला भाऊ लहान मुलासारखा खूश झाला होता. पोटावर डोळा ठेवून जोडलेल्या माणसासाठी कुणी इतकं झुरत नाही. मी त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. नोंदणी कार्यालयं बंद, व्यवहार ठप्प. त्या काळात एका दुपारी भावाच्या फोनवर एक फोटो आला. घडी पडून पिवळा झालेला कन्नड कागद आणि खाली गुरुजींचा मेसेज, ‘आमच्या वडिलांच्या वेळचा आहे. काय लिहिलंय ते सवडीने सांग.’ भावानं त्यांना फोन लावला आणि कागद ओळीओळीनं वाचून दाखवला. जागेचा विषय दोघांनीही काढला नाही. गुरुजींनी पुढे भावाकडून जागा घेतली का, असं मला विचारतात. नाही घेतली. पण गणपतीत ते पुन्हा आरतीला येऊ लागले.

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपण म्हणतो. आमच्या घरात आता त्याला एक जोड दिली जाते, ‘आणि जागा पाहावी पावसाळ्यात.’ जाहिरातींचा मजकूर भाऊ हल्ली स्वतःच लिहितो. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते आणि जागा पाहिल्याशिवाय एक विशेषणही सुचवत नाही.

स्टाफरूममध्ये परवा एका नव्या सहकाऱ्यानं विचारलं, “मॅडम, ओळखीचा कुणी चांगला एजंट आहे का?” मी म्हटलं, “माझा भाऊ आहे की.” त्याला नंबर देण्यासाठी फोन उघडला, तर भावाच्या नावापुढे आवाज बंद असल्याची खूण अजूनही होती. नंबर पाठवण्याआधी मी ती काढून टाकली.