कागदावर राहिलेला इशारा

शाळेत इतिहास शिकवताना १९६२ च्या चीन युद्धाचा विषय निघाला की मी पुस्तक मिटून एका माणसाची गोष्ट सांगायचे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे.

त्यांचा जन्म १९०६ चा. सँडहर्स्टला शिकून ते १९२६ मध्ये फौजेत अधिकारी झाले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पलटणीचं नेतृत्व केलं आणि डीएसओ हा मोठा सन्मान मिळवला. पुढे १९५३ मध्ये कोरियात, मायदेशी परतायला तयार नसलेले हजारो युद्धकैदी सांभाळायला भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख थोरातच. कैद्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला आत अडकवून ठेवलं, तेव्हा हे हत्याराशिवाय आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. मुलांना हा प्रसंग फार आवडायचा.

मला मात्र त्यांचं दुसरं धाडस मोठं वाटतं. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनापती होते. चीनकडून धोका आहे आणि आपलं बळ अपुरं आहे, असा अहवाल त्यांनी १९५९ मध्ये दिला. ऐन सीमेवर फक्त टेहळणी ठेवावी, खरी लढाई मागे, आपली रसद पोचेल तिथे द्यावी, असं त्यांचं म्हणणं. १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन त्यांनी ते मांडूनही दाखवलं. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटलं होतं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र ती उगाच घाबरवाघाबरवी वाटली. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला.

त्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हा अहवाल मला आधी का दाखवला नाही, असं विचारलं. थोरातांनीच हे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

वर्गात हमखास कोणीतरी विचारायचं, "बाई, मग खरं सांगून उपयोग काय झाला?"

त्या बर्फात गेलेल्या जवानांना काहीच नाही, हे मी स्पष्ट सांगायचे. पण "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं" असं म्हणायची सोय त्या कागदाने कुणाला ठेवली नाही. वरिष्ठांना न आवडणारं, पण खरं असलेलं लिहून खाली सही करायची, ही शिपाईगिरीच. थोरात १९९२ मध्ये गेले. घरातल्या मुलांना हे नाव जरूर सांगा.