लाल टिंब

"जुनें तें सोनें" ही म्हण मीं निबंधांत अनेकदां लिहिली होती. परंतु तिचा अर्थ मला गेल्या श्रावणांत कळला.

आमच्या घरीं एक जुना 'थिंकपॅड' लॅपटॉप आहे. त्याच्या कळफलकावर जी, एच आणि बी ह्या अक्षरांच्या मध्यें एक लाल टिंब आहे. बोटानें त्यावर किंचित् दाब दिला कीं पडद्यावरील बाण त्या दिशेस सरकतो; टिंब मात्र जागचें हलत नाहीं. टेड सेल्कर ह्या संशोधकाची ही योजना ह्या जातीच्या यंत्रांत १९९२ सालीं आली. हात अक्षरांवरून उचलावा लागूं नये, हा तिचा हेतु.

मित्र ह्या टिंबास हंसत, म्हणून मलाहि त्याची लाज वाटे. बाबा त्याच यंत्रावर रात्रीं लोकांचीं हस्तलिखितें टंकलिखित करून माझी फी भरीत. श्रावणांत त्यांचा उजवा हात मोडला. एका पुस्तकाचें काम चार दिवसांत द्यावयाचें होतें. मी कामास बसलों. बाण भलतीकडेच धांवे. बाबा म्हणाले, "अरे, ढकलूं नकोस, नुसतें सुचव." तिसऱ्या रात्रीं हात बसला. तेव्हां दिसलें कीं, टिंबावरील खडबडीत टोपी मधोमध गुळगुळीत झाली आहे. ती बाबांच्या बोटानें झिजली होती.

काम वेळेवर पोंचलें. ज्या वस्तूची आपणांस लाज वाटते, तिच्यावर आपल्या वडिलांचे किती श्रम झाले आहेत, हें विद्यार्थिबंधूंनीं एकदां तरी पाहावें.